एआरडीएस: सॅच्युरेशन सुधारलं म्हणजे पेशंट सुधारला का?

निशाचर

न्यूमोनियाच्या धाग्यावर एआरडीएसचा (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, म्हणजे दाहाने फुफ्फुसांत पाणी भरून ती झपाट्याने निकामी होणं) विषय निघाला आणि मूळ चर्चा बाजूलाच राहिली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. आयसीयूत काम करणारे, रेसिडेंट, सिस्टर-ब्रदर, फिजिओ, ज्यांच्या घरचं कुणी यातून गेलंय ते, सगळेच लिहा. फक्त एक विनंती, इथलं वाचून आपल्या पेशंटच्या व्हेंटिलेटरचे आकडे डॉक्टरांना सांगायला जाऊ नका, हे समजून घेण्यापुरतं आहे.

आधी निदान. १९६७ साली अ‍ॅशबॉ, पेटी वगैरे मंडळींनी लॅन्सेटमध्ये १२ पेशंटांचं वर्णन छापलं, कुणाला अपघात झालेला, कुणाला व्हायरल न्यूमोनिया, कुणाला पॅन्क्रियाटायटिस, पण सगळ्यांचं चित्र शेवटी एकच: धाप, ऑक्सिजन देऊनही निळेपणा जात नाही, फुफ्फुसं कडक झालेली आणि एक्सरे दोन्हीकडून पांढरा. तेव्हापासून आजपर्यंत एआरडीएसची एकही रक्ततपासणी निघालेली नाही. चार गोष्टी जुळवून निदान करायचं, बस. आपण वापरतो ती बर्लिन व्याख्या २०१२ ची. मूळ कारण घडल्यापासून किंवा श्वासाचा त्रास सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आत, दोन्ही फुफ्फुसांत पांढरेपणा, तो नुसता हार्ट फेल्युअरने किंवा सलाईन जास्त झाल्याने आलाय असं म्हणता येत नाही, आणि पीएफ रेशो ३०० किंवा खाली, तोही किमान ५ पीप (श्वास सोडल्यावरही पिशव्या उघड्या ठेवायला मशीनने धरून ठेवलेलं प्रेशर) चालू असताना. पीएफ म्हणजे एबीजीतला (धमनीच्या रक्ताची तपासणी) पीएओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, भागिले एफआयओटू, म्हणजे दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण. पीएओटू ७० आलाय आणि ६० टक्के ऑक्सिजन चालू आहे, तर ७० भागिले ०.६ म्हणजे ११७. २०० ते ३०० माइल्ड, १०० ते २०० मॉडरेट, १०० किंवा खाली सिव्हिअर.

एवढं सगळ्यांना पाठ असतं. तरी निदान सुटतं, आणि थोडंथोडकं नाही. २०१६ मध्ये लंग सेफ नावाचा अभ्यास आला, ५० देश, ४५९ आयसीयू. निकषात बसणाऱ्या पेशंटांपैकी फक्त ६० टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी एआरडीएस ओळखला होता. सिव्हिअर असूनही पालथं घातलेले, म्हणजे उपचार म्हणून पोटावर झोपवलेले, पेशंट १६ टक्के. औषध नाही म्हणून हे घडलं असं म्हणायला जागाच नाही, कारण यात वापरायच्या बहुतेक गोष्टींना औषध लागतच नाही. ओळखलंच नाही तर करणार काय?

माझं म्हणणं एवढंच आहे की या आजारात मॉनिटरवरचा आकडा आणि पेशंटचं नशीब हे दोन वेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतात, आणि आपण आकड्याच्या मागे लागतो. पुढे लिहितोच, आधी तुम्ही बोला.

इंटर्नशिप_चालू

वाचनखूण साठवली. एक बेसिक शंका सर, हार्ट फेल्युअर नाही हे रात्री दोन वाजता कसं ठरवायचं? दोघांचाही एक्सरे पांढराच.

काळंपांढरं

मी रेडिओलॉजीवाला, म्हणून आधी माझ्याच विषयाची उणी बाजू सांगतो. नुसत्या पोर्टेबल एक्सरेवर छातीठोक सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हृदय मोठं, दोन्ही बाजूला पाणी, मधोमध जास्त पांढरेपणा असं असलं तर मन हार्टकडे झुकतं, कडेकडेचे ठिपके-पॅच असले, हृदय नॉर्मल असलं तर एआरडीएसकडे, पण झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय तसंही मोठंच दिसतं.

टूडी एको करा. डावी बाजू नीट पंप करतेय आणि फिलिंग प्रेशर वाढलेलं वाटत नाही तर पुढे चला. फुफ्फुसांची सोनोग्राफी येत असेल तर उत्तम, हार्टच्या पाण्यात बी लाईन्स (पाण्यामुळे दिसणाऱ्या उभ्या रेषा) साधारण सगळीकडे सारख्या आणि प्ल्यूरा (फुफ्फुसावरचं आवरण) गुळगुळीत, एआरडीएसमध्ये मध्येच बरा भाग मध्येच खराब भाग, प्ल्यूरा खडबडीत आणि पाठीकडे कन्सॉलिडेशन (हवा जाऊन भरीव झालेला भाग). २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या ग्लोबल व्याख्येत सोनोग्राफी चालते, आणि मिनिटाला ३० लिटर किंवा जास्तीचा हाय फ्लो (नाकातून जोराने दिलेला ऑक्सिजन) चालू असलेला पेशंटही बसतो, श्वासनळीत ट्यूब असलीच पाहिजे असं नाही. एबीजी नसेल तर एसपीओटू (बोटावरच्या यंत्राचं सॅच्युरेशन) भागिले एफआयओटू ३१५ किंवा खाली, मात्र सॅच्युरेशन ९७ किंवा त्याखाली असतानाच हा हिशोब धरायचा, कारण त्याच्या वर गेलं की आकडा फसवतो.

आणि दोन्ही एकत्रही असू शकतं हे विसरू नका. व्याख्येत 'नुसत्या हार्टमुळे नाही' एवढंच म्हटलंय, हार्ट चांगलंच हवं असं नाही.

एकटा_टायगर

काळंपांढरं यांच्याशी सहमत, एक भर घालतो. कारण सापडत नसेल तर एआरडीएसचं लेबल लावून गप्प बसू नका. न्यूमोनिया, सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणं), अ‍ॅस्पिरेशन (पोटातलं फुफ्फुसात जाणं), पॅन्क्रियाटायटिस, मोठा अपघात, रक्त चढवल्यावर होणारी फुफ्फुसांची इजा (ट्राली), बुडालेला पेशंट, पॅराक्वाट हे तणनाशक, मलेरिया, स्क्रब टायफस. यातलं काहीच नाही तर थांबा आणि विचार करा. अल्व्हिओलर हॅमरेज असू शकतं, अक्यूट इओसिनोफिलिक न्यूमोनिया असू शकतो (हा नुकतीच सिगरेट सुरू केलेल्या पोरांमध्ये दिसतो आणि स्टिरॉइडला झटकन उतरतो), मिलिअरी टीबी, न्यूमोसिस्टिस, अमिओडॅरोनचं नुकसान. सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपी करून बीएएल (फुफ्फुस धुऊन काढलेलं पाणी) पाठवणं इथे खरंच उपयोगाचं. पेशंट एआरडीएसने वारतो असं आपण नातेवाईकांना सांगतो, पण बरेचसे वारतात ते सेप्सिसने आणि एकामागून एक अवयव बंद पडल्याने. निव्वळ ऑक्सिजन पोचलाच नाही म्हणून जाणारे कमी. मूळ कारणाचा इलाज हाच पहिला इलाज.

वाचनमात्र

मी डॉक्टर नाही, पण हा धागा बघून खाते उघडल्यापासून पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या काकांना पॅन्क्रियाटायटिससाठी अ‍ॅडमिट केलं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगितलं की फुफ्फुसं खराब झालीत, व्हेंटिलेटर लागेल. आम्हाला कळेचना, दुखणं पोटाचं, छातीत साधा खोकला नव्हता, मग फुफ्फुसं कशी काय जातात? काका घरी आलेत आता, बरे आहेत, पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

निशाचर

@वाचनमात्र ताई, काका घरी आले हे वाचून बरं वाटलं. प्रश्न अगदी रास्त आहे.

पॅन्क्रियाजला सूज आली की रक्तात दाहाची रसायनं सुटतात आणि ती शरीरभर फिरतात. हृदयाच्या उजव्या बाजूने निघालेलं सगळं रक्त फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जातं, त्यामुळे तिथे मार बसतोच. त्या बारीक नळ्यांचं आणि हवेच्या पिशव्यांचं अस्तर खराब होतं, ते गळायला लागतं आणि प्रोटीनचं पाणी पिशव्यांत शिरतं. पाणी भरलेल्या पिशवीत हवा जात नाही, पण शेजारून रक्त वाहतंच राहतं, ते ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. याला शंट म्हणतात. म्हणून बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी म्हणावा तसा फरक पडत नाही. शिवाय पिशव्या उघड्या ठेवणारं सर्फॅक्टंट निकामी होतं, त्यामुळे त्या मिटतात आणि फुफ्फुस कडक होतं. हे सगळं होताना छातीत जंतू असलाच पाहिजे असं नाही.

आता मुख्य मुद्दा. एआरडीएसमधलं फुफ्फुस सगळीकडे सारखं खराब नसतं. पेशंट उताणा असतो तेव्हा पाठीकडचा भाग मिटलेला आणि पाण्याने भरलेला, पुढचा भाग बऱ्यापैकी चांगला. सीटी वापरून गॅटिनोनी यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की हवा घेऊ शकणारा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरलेला असतो, त्यालाच बेबी लंग म्हणतात. मोठ्या माणसाचा पूर्ण श्वास व्हेंटिलेटरने आत ढकलला तर तो सगळा त्या छोट्या भागातच जाणार, तो ताणला जाणार, फाटणार, आणि दाह आणखी वाढणार. म्हणजे वाचवायला लावलेलं मशीनच इजा करतं.

म्हणून २००० सालचा एआरडीएस नेटवर्कचा अभ्यास माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा. ८६१ पेशंट, एका गटाला किलोमागे १२ मिली टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत ढकललेली हवा), दुसऱ्याला ६. मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले. यातली गंमत बघा: सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिजनचा आकडा १२ मिलीवाल्या गटात चांगला होता! म्हणजे ज्यांचा पीएफ सुधारत होता तेच जास्त गेले. त्या काळी राउंडवर एबीजी बघून कुणालाही १२ वालीच सेटिंग बरी वाटली असती.

साधी_सुई

आयसीयू सिस्टर आहे, खूप वर्षं याच कामात. निशाचर सर, किलोमागे ६ म्हणता ते ठीक, पण किलो कुठले हे लिहा आधी. अर्धा गोंधळ तिथेच आहे. नवीन डॉक्टर येतात, विचारतात सिस्टर वजन किती, आणि त्यावर गुणाकार करतात.

निशाचर

सुई ताईंनी बरोबर जागी टोचलं :)

वजन काट्यावरचं नाही, उंचीवरून काढलेलं. माणूस जाडा झाला म्हणून त्याचं फुफ्फुस मोठं होत नाही, फुफ्फुस उंचीप्रमाणे असतं. पुरुषांसाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंमी वजा १५२.४), बायकांसाठी ५० च्या जागी ४५.५. समजा बाई १५५ सेंमी उंच आणि वजन ८५ किलो. सूत्राने वजन येतं साधारण ४८ किलो, ६ ने गुणलं तर २८८ मिली. काट्यावरच्या वजनाने तेच ५१० मिली येतं, म्हणजे खऱ्या हिशोबाने किलोमागे साडेदहाच्याही वर. आणि 'सगळ्यांना ५०० लावून ठेव' ही जी सवय आहे तिचा सगळ्यात जास्त त्रास बुटक्या बायकांना होतो, कारण कमी उंचीवर ५०० म्हणजे फारच झालं.

त्यामुळे पेशंट आला की टेप घ्या, टाचेपासून डोक्यापर्यंत झोपल्या झोपल्या मोजा आणि चार्टवर मोठ्या अक्षरात लिहा. पाय वाकडे असतील, मोजता येत नसेल तर हाताच्या अल्ना हाडाच्या लांबीवरून अंदाज काढता येतो. 'अंदाजे पाच-सहा फूट' नको.

इंटर्नशिप_चालू

सर पण २८८ मिलीने कार्बन डायऑक्साइड वाढणार नाही का?

निशाचर

वाढणार. रेट वाढवायचा, ३५ पर्यंत नेता येतो, फक्त श्वास पूर्ण बाहेर पडतोय ना हे ग्राफवर बघत राहायचं. तरीही वाढला तर थोडा वाढू द्यायचा, पीएच ७.२० च्या आसपास आणि वर आहे तोवर बहुतेक पेशंटांना चालतं. डोक्याला मार असेल, इंट्राक्रेनियल प्रेशर वाढलेलं असेल तर मात्र नाही. उजव्या बाजूचं हार्ट थकलेलं असेल तरी जपून.

मिलीवर समाधान मानू नका, प्लॅटू (श्वास आत धरून ठेवल्यावर फुफ्फुसात असलेलं प्रेशर) बघा. इन्स्पिरेटरी होल्ड दाबायचा, अर्धा सेकंद, पेशंट स्वतः जोर लावत नसताना. ३० किंवा खाली हवं. प्लॅटू वजा पीप म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर. २०१५ मध्ये अमाटो आणि सहकाऱ्यांनी ९ जुन्या ट्रायल्सचे साडेतीन हजारांवर पेशंट एकत्र करून दाखवलं की मृत्यूशी सगळ्यात घट्ट नातं याच आकड्याचं आहे. १५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. प्लॅटू २८ आणि पीप १० असेल तर प्लॅटू 'नॉर्मल' दिसतोय, पण ड्रायव्हिंग १८ आहे, म्हणजे व्हॉल्यूम अजून कमी करून बघायला हवा, ४ पर्यंत जाता येतं.

साधी_सुई

यात माझी भर. पीक प्रेशरचा (श्वास आत जाताना चढणारं सगळ्यात जास्त प्रेशर) अलार्म वाजला की लगेच फुफ्फुस बिघडलं म्हणून धावाधाव होते. पीक वाढलंय आणि प्लॅटू होतं तेवढंच आहे तर आधी ट्यूब बघा, पेशंट चावतोय का, वाकलीय का, कफाने भरलीय का, सर्किटमध्ये पाणी साठलंय का. दोन्ही वाढले तर फुफ्फुसाचं काहीतरी, न्यूमोथोरॅक्स झालाय का ते पहिलं ऐका. आणि सक्शन करायला सर्किट सारखं सारखं उघडू नका, पीप जातं, मिटलेल्या पिशव्या परत उघडायला तासन्‌तास लागतात. क्लोज्ड सक्शन असेल तर तेच वापरा.

दुसरं म्हणजे डबल ट्रिगर. पेशंटला श्वास अपुरा वाटतो, एक संपायच्या आत दुसरा घेतो, दोन्ही एकावर एक चढतात. तुम्ही कागदावर ३०० लिहिलंय, आत गेले ६००. ग्राफकडे बघितलं नाही तर कुणालाच कळत नाही. सिडेशन वाढवायचं की सेटिंग बदलायची हे डॉक्टरांनी ठरवावं, पण दिसलं की आम्ही सांगतो आणि सांगितल्यावर ऐका एवढंच.

श्वासोच्छ्वास

+१ सुई ताई.

अवांतरवाला

एक अडाणी प्रश्न. सॅच्युरेशन १०० का ठेवत नाहीत? मशीन आहे, ऑक्सिजन आहे, लावा की फुल.

एकटा_टायगर

अडाणी नाहीये हा प्रश्न, राउंडवर पण येतो. जास्त टक्क्यांचा ऑक्सिजन स्वतःच फुफ्फुसाला त्रासदायक, आणि १०० दिसत असताना पीएओटू १०० आहे की ३०० ते कळत नाही, म्हणजे बिघाड उशिरा लक्षात येतो. एआरडीएस नेटवर्कचं टार्गेट पीएओटू ५५ ते ८०, सॅच्युरेशन ८८ ते ९५ असं होतं. पण अगदी तळाला जायची हौसही नको. २०२० मध्ये आलेल्या एलओसीओटू ट्रायलमध्ये पीएओटू ५५ ते ७० वर ठेवलेल्या गटाची लक्षणं ठीक दिसेनात, त्या गटात आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याच्या पाच केसेस झाल्या आणि ट्रायल मध्येच थांबवावी लागली. आम्ही ९२ ते ९६ च्या मधे राहतो. आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, शंका आली की एबीजी.

पण निशाचर, तुझ्या मूळ मुद्द्यावर माझा थोडा वाद आहे. आकड्याच्या मागे लागू नये हे मान्य, पण मग ट्यूब टाकायची कधी ते ठरवायला आकडा लागतोच ना? हाय फ्लोवरचा पेशंट ४० च्या रेटने, मान-खांदे उचलून श्वास घेतोय, सॅच्युरेशन ९३. एक म्हणतो चालू दे, एक म्हणतो तो स्वतःच्या जोरदार श्वासाने स्वतःचंच फुफ्फुस फाडतोय, ट्यूब टाक. हे सेल्फ इन्फ्लिक्टेड इंजरीचं प्रकरण मला अर्धं पटतं. माणसांवर पक्का पुरावा नाही, आणि या नावाखाली ट्यूबची गरज नसलेल्यांनाही ट्यूब पडते.

निशाचर

टायगर, वाद मान्य. पण तुझ्याच उदाहरणात बघ, सॅच्युरेशन ९३ आहे आणि तरी तुला काळजी वाटतेय, ती रेटमुळे आणि मानेच्या स्नायूंमुळे. म्हणजे तूही आकड्यापलीकडेच बघतोयस :)

मी रॉक्स इंडेक्स काढतो. सॅच्युरेशन भागिले एफआयओटू, त्याला पुन्हा रेटने भागायचं. तुझ्या पेशंटला ६० टक्के चालू असेल तर ९३ भागिले ०.६ म्हणजे १५५, भागिले ४०, आलं ३.९. ४.८८ किंवा वर असेल तर हाय फ्लोवर निभावण्याची शक्यता बरी. खाली असेल तर लगेच ट्यूब असं नाही, पण डोळ्यासमोर ठेवा, तासाभरात परत बघा, आणि घसरत असेल तर रात्र काढूया म्हणून लांबवू नका. हाय फ्लो फसल्यावर उशिरा ट्यूब पडलेल्यांचं वाईट होतं हे अभ्यासांत दिसलंय. अगदी कोसळताना टाकलेली ट्यूब ही सगळ्यात धोक्याची. पेशंट गुंगीत जातोय, बीपी पडतंय, थकलाय, तर कुठलाच इंडेक्स काढत बसू नका.

वाचनमात्र

काकांना पालथं झोपवलं होतं, जवळजवळ पूर्ण दिवस. काचेतून बघताना आमच्या पोटात गोळा आला, चेहरा सुजून ओळखू येईना. ते नेमकं कशासाठी करतात?

साधी_सुई

ताई, चेहऱ्याची सूज पालथं असल्यामुळेच, उताणं केलं की उतरते. नातेवाईकांना आधी सांगून ठेवायला हवं, ते राहून जातं बऱ्याचदा.

कसं करतात ते मी सांगते, का ते सर सांगतील. चार-पाच माणसं लागतात, त्यातला एक डोक्याशी, ट्यूब त्याच्या हातात आणि हुकूमही त्याचाच, बाकी कुणी 'एक-दोन-तीन' म्हणायचं नाही. आधी फीड थांबवून राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात गेलेली नळी) पोटातलं ओढून घ्यायचं, डोळ्यांत मलम घालून पट्टी, ट्यूबचा सेंमीचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि लिहायचा, लाईन्स मोकळ्या आहेत बघायच्या, ईसीजीचे लीड पाठीवर घ्यायचे. छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट शक्यतो मोकळं. एक हात वर एक हात खाली, पोहताना असतो तसा, डोकं वर केलेल्या हाताकडे, आणि दर दोन तासांनी बाजू बदलायची नाहीतर खांद्याची नस दबते. गाल, हनुवटी, कपाळ, गुडघे, छाती इथे फोड येतात, पॅड लावूनसुद्धा येतात. फीड परत हळूहळू चालू करता येतं, सोळा तास उपाशी ठेवायची काही गरज नाही.

निशाचर

ताई, उत्तम लिहिलंत, हे वॉर्डात चिकटवायला पाहिजे.

आता का ते. पाठीकडे फुफ्फुसाचा मोठा हिस्सा असतो आणि उताणं असताना त्यावर हृदयाचं आणि पाण्याने जड झालेल्या फुफ्फुसाचं ओझं पडतं. ओला स्पंज टेबलावर ठेवला की खालचा थर दबतो तसं. पालथं केलं की पाठीकडचा भाग उघडतो, रक्त मात्र बऱ्यापैकी पाठीकडेच जात राहतं, त्यामुळे हवा आणि रक्त यांची गाठ पडते. दुसरं, ताण सगळ्या फुफ्फुसात सारखा वाटला जातो.

२०१३ ची प्रोसेव्हा ट्रायल: ४६६ पेशंट, पीएफ १५० च्या खाली, ६० टक्के किंवा जास्त ऑक्सिजन लागणारे. रोज किमान १६ तास पालथं. २८ दिवसांत मृत्यू ३२.८ वरून १६ टक्के. आयसीयूत मृत्यू अर्ध्यावर आणणारी गोष्ट सहसा दिसत नाही, आणि इथे लागल्या त्या उशा आणि माणसं. आधीच्या ट्रायल्समध्ये फायदा नीट दिसला नव्हता कारण तास कमी होते, सौम्य पेशंटही घेतले होते आणि टायडल व्हॉल्यूमही मोठे होते.

आणि परत तोच मुद्दा. याच ट्रायलचा डेटा नंतर तपासला तर पालथं केल्यावर ज्यांचा ऑक्सिजन वाढला तेच वाचले असं दिसलं नाही. ज्यांचा आकडा फारसा हलला नाही त्यांनाही फायदा. म्हणजे 'प्रोन (पालथं) करून बघितलं, पीएफ वाढला नाही म्हणून परत उताणं केलं' हे करू नका. फुफ्फुस वाचतंय ते आकड्यात दिसेलच असं नाही.

याची उलटी बाजूही बघा. नायट्रिक ऑक्साइड दिलं की ऑक्सिजन छान वाढतो, मृत्यू कमी होत नाहीत. हाय फ्रिक्वेन्सी ऑसिलेशनचं यंत्र, २०१३ च्या ऑसिलेट ट्रायलमध्ये मृत्यू वाढले. पिशव्या उघडायला जोराचं रिक्रूटमेंट आणि त्यावर जास्त पीप, २०१७ ची एआरटी ट्रायल, तिथेही मृत्यू वाढले. एकूण एक उपाय एबीजीवर झकास दिसणारे.

इंटर्नशिप_चालू

मग पीप किती ठेवायचं? टेबल आहे ना?

एकटा_टायगर

टेबल आहे आणि सुरुवातीला तेच वापर. एफआयओटू वाढतो तसं पीप वाढतं, ४० टक्क्यांना ५ ते ८, ६० ला १०. मॉडरेट-सिव्हिअरमध्ये जरा जास्त पीप ठेवण्याकडे गाइडलाइन झुकतात. पण वाढवल्यावर बघ काय होतंय. ड्रायव्हिंग प्रेशर कमी झालं तर फुफ्फुस उघडतंय, वाढलं तर नुसतं ताणलं जातंय. बीपी पडलं तर परत ये. टेबल पेशंटला ओळखत नाही.

काळंपांढरं

आणि सलाईनचं कुणीच लिहिलं नाही? गळक्या फुफ्फुसात पाणी ओतत राहायचं का?

निशाचर

राहिलंच ते. २००६ चा फॅक्ट अभ्यास, १००० पेशंट, हात आखडून सलाईन दिलेल्या गटात मृत्यू फारसे बदलले नाहीत पण व्हेंटिलेटरशिवायचे दिवस वाढले, आणि किडन्यांचं जास्त नुकसान झालं नाही. मात्र हे शॉक आवरल्यानंतरचं. सेप्सिसच्या पेशंटचं बीपी ७० वर आलेलं असताना फुफ्फुस कोरडं ठेवायचं म्हणून बसू नका. आधी बीपी सावरा, मग रोजचा इनटेक-आउटपुट बघून लॅसिक्सने (लघवी वाढवणारं औषध) हळूहळू निगेटिव्ह न्या. अँटिबायोटिक पातळ करायला आणि लाईन फ्लश करायला जाणारं पाणीही मोजा, दिवसभरात बरंच होतं ते.

औषधांचं थोडक्यात. मसल रिलॅक्संट सरसकट ४८ तास देण्याचा फायदा २०१० च्या फ्रेंच ट्रायलमध्ये दिसला, २०१९ च्या रोझमध्ये, १००६ पेशंटांत, दिसला नाही. म्हणून गरज पडेल तसं: डबल ट्रिगर थांबत नाही, प्रोन करायचंय, सिव्हिअर आहे आणि सुरुवातीचे दिवस आहेत. स्टिरॉइड, कोविडमध्ये डेक्सा ६ मिलीग्रॅमने ऑक्सिजन लागणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले हे पक्कं. इतर एआरडीएसमध्ये २०२० च्या स्पॅनिश ट्रायलमध्ये पाच दिवस २० आणि पुढचे पाच १० मिलीग्रॅम देऊन फायदा दिसला, २०२४ च्या गाइडलाइन 'द्यावं' याकडे झुकतात, जोर लावून नाही. इन्फ्लुएंझात जपून, आणि दोन आठवडे उलटून गेल्यावर सुरू करू नये, २००६ मध्ये तसं सुरू केलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले.

अवांतरवाला

आणि ते एकमो? रक्त बाहेर काढून ऑक्सिजन देतात ते?

एकटा_टायगर

निवडक लोकांसाठी. २०१८ ची इओलिया, २४९ पेशंट, ६० दिवसांत मृत्यू ३५ विरुद्ध ४६ टक्के, पण संख्याशास्त्राच्या रेषेच्या जरा अलीकडेच राहिलं, आणि दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना शेवटी एकमोवर घ्यावंच लागलं, त्यामुळे वाद आहे. तरुण, मूळ कारण बरं होण्याजोगं, आठवड्यापेक्षा जास्त दिवस कडक सेटिंगवर नसलेला. माझा राग एवढ्यावर आहे की एकमोसाठी फोन येतो, विचारावं प्रोन केलं का, तर नाही. टायडल व्हॉल्यूम किती, तर ५००.

वाचनमात्र

तुम्ही सगळ्यांनी इतकं समजावून लिहिलंत, मनापासून आभार. एक शेवटचं विचारते. काका घरी येऊन बरेच महिने झाले. फुफ्फुसाची तपासणी डॉक्टर म्हणतात जवळजवळ नॉर्मल. तरी जिना चढताना थांबतात, हातातली पिशवी जड होते, रात्री दचकून उठतात, मशीनचा आवाज येतो म्हणतात. घरचे म्हणतात आळस करतात, आता झालं की बरं.

श्वासोच्छ्वास

ताई, आळस नाही हो तो, घरच्यांना माझं नाव सांगा. फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट नेहमी बघतो. कॅनडात एआरडीएसमधून वाचलेल्यांना पाच वर्षं तपासत राहिले होते, तो अभ्यास २०११ मध्ये आला. फुफ्फुसाच्या चाचण्या जवळपास नॉर्मल झालेल्या, पण सहा मिनिटांच्या चालण्याचं अंतर पाच वर्षांनीही त्या वयाच्या अपेक्षित अंतराच्या पाऊणपटच. दुबळेपणा स्नायूंचा आहे. पडून राहणं, सिडेशन, दाह, सगळ्याने मांड्या आणि खांदे अक्षरशः झिजतात. दचकून उठणं, मशीनचे आवाज, भ्रमातल्या भीतीदायक आठवणी हेही नेहमीचं, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला लाजू नका. काही जणांची स्मरणशक्ती आणि एकाग्रताही मागे पडते.

करायचं काय ते सांगतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दिवसातून तीन-चार वेळा, जमेल तितकंच. चालणं रोज, मध्ये थांबत थांबत, दम लागला तरी बोलता येईल इतक्याच वेगाने. प्रोटीन पोटभर, पण पॅन्क्रियाटायटिस झालेला आहे तर आहाराचं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. एका हाताच्या बोटांना मुंग्या किंवा खांदा उचलायला त्रास असेल तर पालथं असताना नस दबलेली असू शकते, तेही तपासून घ्या. आवाज बसलेला असेल किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ट्यूबमुळे श्वासनळी अरुंद झालेली असू शकते, त्याला मात्र उशीर करू नका, कान-नाक-घसावाल्यांना लगेच दाखवा.

वाचनमात्र

खांद्याचं आहे! डावा हात डोक्यापर्यंत जातच नाही, आम्ही वयामुळे म्हणून सोडून दिलं होतं. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

साधी_सुई

घ्या ताई. आणि जाताना डिस्चार्ज कार्ड न्या, किती दिवस पालथं ठेवलं होतं ते त्यात नसेल तर आयसीयूच्या नर्सिंग चार्टमध्ये सापडेल, मागून घ्या.